वाड्यातले भूत कोणाच्या नावावर?

तापी, गिरणा, पांझरा किंवा बोरी या नद्यांच्या काठी वसलेल्या खानदेशातील कोणत्याही जुन्या गावात एखादे तरी धाब्याचे मोठे घर कुलूपबंद उभे असते. धाब्यावरची पांढरी माती पावसाळ्यागणिक वाहून गेलेली असते, भिंतीतून पिंपळ वर आलेला असतो, वारस सुरतेला, नाशिकला किंवा पुण्याला स्थायिक झालेले असतात आणि भाऊबंदांतील वाटणीचा दावा कोर्टात तारखांवर चाललेला असतो. अशा घराविषयी गावात एक गोष्टही असते. ती बहुधा एखाद्या बाईची असते: विहिरीत गेलेली सून, नवऱ्याने टाकल्यावर माहेरी येऊन मागच्या खोलीत आयुष्य काढलेली फुई (आत्या), बाळंतपणात गेलेली पहिली बायको. वाडा कोणत्या पाटलांचा होता हे गोष्ट सांगणाऱ्याला नेमके ठाऊक असते. त्या बाईचे नाव मात्र त्याला सहसा सांगता येत नाही. या गोष्टीची गंभीरपणे लिहिलेली भयकादंबरी मराठीत व्हायला हवी आणि ती खानदेशातून यायला हवी, असे मला ठामपणे वाटते. बालपणीच्या घरात परतलेले माणूस, त्या घराने दडवलेली गुपिते आणि ती बाहेर येताना होणारा थरकाप ही तिची सामग्री. कुटुंबाच्या इतिहासातील गाळलेली पाने वाचण्याचे काम या वाङ्मयप्रकाराइतके नेमकेपणे दुसरा कोणताही प्रकार आज करू शकेल असे मला वाटत नाही.

या म्हणण्यावर तीन बाजूंनी हरकत येते. साहित्याचे जाणकार म्हणतात की भय ही दुय्यम करमणूक आहे. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांना भयकथेची आणि गूढकथेची गोडी लावली, तरी समीक्षेने हा प्रकार बराच काळ ओसरीवरच बसवून ठेवला. दुसरी हरकत पुरोगामी चळवळीतून येते: भुतांच्या गोष्टी लिहिणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे. तिसरी हरकत छापून येत नाही, पण सर्वांत प्रभावी तीच आहे. ती घरातून येते आणि एवढेच म्हणते की घरातले घरात राहू द्या, झाले गेले गंगेला मिळाले.

पहिल्या हरकतीचे उत्तर या प्रकाराच्या जन्मातच आहे. इंग्रजीतील पहिली गॉथिक, म्हणजे जुन्या वास्तू आणि त्यांत दडलेली गुपिते यांच्या भयाची, कादंबरी मानले जाणारे होरेस वॉलपोलचे पुस्तक १७६४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. ‘ओट्रांटोचा किल्ला’ असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. त्यातील अवाढव्य शिरस्त्राण आणि चित्रातून उतरून चालू लागणारा पूर्वज यांची आठवण सगळे काढतात. कथानकाच्या तळाशी काय आहे ते मात्र विसरले जाते. तिथे एक विषप्रयोग आणि एक बनावट मृत्युपत्र आहे. आजोबाने धन्याला मारून मालमत्ता बळकावलेली आहे आणि नातू ती वारसाहक्काची म्हणून भोगतो आहे. तीस वर्षांनी, १७९४ मध्ये, अ‍ॅन रॅडक्लिफने लिहिलेल्या गाजलेल्या कादंबरीत खलनायक नायिकेला दूरच्या गढीत डांबतो आणि तिला आत्याकडून मिळालेल्या जमिनीच्या कागदावर सही करण्यासाठी तिच्यावर दडपण आणतो. थोडक्यात, हा वाङ्मयप्रकार जन्मापासून मालकीविषयी बोलत आला आहे. घर कोणाचे, ते कसे मिळाले, कोणाची सही कशी घेतली आणि कोणाला कोणत्या खोलीत ठेवले, हे प्रश्न थेट विचारण्याची सोय नव्हती, म्हणून ते भुताच्या तोंडून विचारले गेले.

खानदेशातील वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने आणले, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो हक्क सर्व मुलींना दिला, आणि तो जन्मतःच असतो, त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. कायद्याची वाट एवढी सरळ झाली आहे. तरीही वडील गेल्यावर दिवसकार्य आटोपते, वारसनोंदीचा विषय निघतो आणि बहिणींना सही करण्यासाठी बोलावणे जाते. हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणींनी आपला हिस्सा लेखी सोडून देणे, ही खानदेशातील घरांत अत्यंत प्रेमाने पार पडणारी गोष्ट आहे. भाऊ आक्कांना घ्यायला गाडी पाठवतो, वहिनी साडी-चोळी करते, जेवण गोडाचे असते. कोणी दमदाटी करत नाही, कारण तिची गरज नसते. सही नाकारली तर माहेर तुटेल ही भीती बहिणीच्या मनात लहानपणापासून घातलेली असते. या भीतीला बोलते करणारे वास्तववादी लेखन आपल्याकडे थोडेफार आहे, पण या प्रसंगातील खरे भयानकपण, म्हणजे एवढ्या मायेच्या वातावरणात एक माणूस कागदावरून पुसले जाणे, साध्या वर्णनात हाती लागत नाही. त्यासाठी वाचकाच्या अंगावर काटा यावा लागतो.

मला या कादंबरीचा आरंभ आखाजीला झालेला वाचायचा आहे. अक्षय तृतीयेचा हा सण खानदेशात सासुरवाशिणींचा असतो. लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि घरात सांजोरी, पुरणपोळी व आमरस असतो. त्याच दिवशी पितरांची घागरही भरली जाते. सकाळी उंबरठ्याची पूजा होते आणि कुंकवाचे एकेक बोट उमटवत एकेका पूर्वजाचे नाव घेतले जाते. वर्षातून एकदा, भर वैशाखात, मेलेली माणसे आणि दिलेल्या लेकी एकाच दारातून एकाच दिवशी घरी येतात, आणि संध्याकाळ झाली की दोघांनीही परतावे अशीच अपेक्षा असते. लेकीचे माहेरपण दोन-चार दिवस लांबते एवढाच काय तो फरक. पाहुणी म्हणून तिचे जितके कौतुक, तितकेच ती राहायला आली तर घराला जड. भयकादंबरीला ज्या रचनेसाठी परदेशात दंतकथा जुळवाव्या लागल्या, ती आपल्या पंचांगात आयती आहे. उंबरठ्यावर बोटे उमटताना जी नावे घेतली जातात त्यांत मागच्या खोलीत मेलेल्या फुईचे नाव येत नाही, कारण शास्त्राप्रमाणे ती दुसऱ्या कुळाची आणि त्या कुळाने तर तिला केव्हाच टाकलेले. तिची घागर कोणीच भरत नाही. श्रावणात कानबाईचे रोट होतात तेव्हा ते भाऊबंदांनीच खायचे असतात. सणसुद्धा घरातला कोण आणि बाहेरचा कोण याची मोजदाद करत असतात. घरात परतून येण्यासाठी एखाद्या मृत व्यक्तीला याहून रास्त कारण असू शकेल असे मला वाटत नाही.

आता दुसरी हरकत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीविषयी मला मनापासून आदर आहे, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर त्याच वर्षी राज्यात झालेला जादूटोणाविरोधी कायदा ही महाराष्ट्राने मोठी किंमत मोजून मिळवलेली गोष्ट आहे. खानदेशात या कायद्याची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरात, बाईला डाकीण ठरवून तिचा छळ केल्याच्या घटना वर्षानुवर्षे घडत आल्या आहेत. तिथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिले आहे की आजारपण आणि अज्ञान यांच्या मागे पुष्कळदा जमिनीचा वाद, हेवा किंवा एकट्या विधवेच्या ताब्यातील शेताचा तुकडा असतो. सपाटीवरच्या सुशिक्षित वाड्यांनी हे वाचून डोंगरातल्या माणसांना मागास म्हणण्याची घाई करू नये. सपाटीवर बाईला डाकीण म्हणून मारत नाहीत, पण ती मेल्यावर तिला हडळ करतात, आणि त्यामागेही बऱ्याचदा जमिनीचाच तुकडा असतो.

विहिरीचे उदाहरण घ्या. सून विहिरीत सापडली की गाव म्हणते, पाय घसरला. आणि ते म्हणणे टिकण्यासारखे नसले तर म्हणते, पाण्यातल्या साती आसरांनी ओढले. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. लग्नाला सात वर्षे झालेली नसतील तर कायदा अधिक खोलात जायला सांगतो, पण हुंडाबळीची ती तरतूद १९८६ ची. त्याआधीच्या विहिरींचा तेवढाही हिशेब नाही. मग हळूहळू त्या विहिरीवर दुपारी जाऊ नये, तिथे बांगड्या वाजतात, अशी वदंता तयार होते. ही वदंता कोणाच्या उपयोगाची असते? ती त्या बाईच्या माहेरच्यांच्या उपयोगाची नसते. बाई भूत झाली की ती धोकादायक ठरते आणि ज्यांनी तिला त्या काठापर्यंत नेले ते घाबरलेले, बिचारे, नारळ फोडून शांती करणारे लोक ठरतात. भुताची गोष्ट हा गावाने पोलिसांच्याही आधी परस्पर उरकलेला पंचनामा असतो. चांगल्या भयकादंबरीने तो पंचनामा पुन्हा उघडायचा असतो. पहिल्या पानांत तिने वाचकाला भुताची भीती घालावी, आणि पुढे एकेक पुरावा ठेवत ही भीती कोणी, कधी आणि कशासाठी पेरली हे त्याला दिसू द्यावे. भूत आहे की नाही या वादात असे लेखन अडकत नाही. जे काम विवेकवादी कार्यकर्ता भाषणातून करतो तेच ते अंधारातून करते. आणि भाषणाला न येणारा वाचक कादंबरी हातात घेतो, हे कार्यकर्त्यांनीही लक्षात घ्यावे.

अर्थात, त्यासाठी लेखकाने काही मोह टाळायला हवेत. मांत्रिकाने किंवा एखाद्या सिद्ध पुरुषाने येऊन वाडा शुद्ध केला आणि सगळे सुखी झाले, असा शेवट झाला तर चळवळीची हरकत शंभर टक्के खरी ठरते. जिच्यावर अन्याय झाला तीच केस मोकळे सोडून, पाय उलटे करून लहान मुलांच्या मानेवर बसणार असेल, तर कादंबरी त्या बाईला दुसऱ्यांदा विहिरीत ढकलते. आपल्या पडद्यावरील आणि छापील भयकथांनी हे पुष्कळदा केले आहे. विधवा, वांझ, वेडी, टाकलेली या बायकांच्या चेहऱ्यांतूनच आपण भीती तयार करत आलो. वाड्यात खरी भीती कोणाची वाटायला हवी? देवघरात रोज एक तास पूजा करणाऱ्या, गावात शब्दाला मान असलेल्या, मुलांना खाऊ आणणाऱ्या आप्पांची वाटायला हवी. आणि आप्पांविषयी सर्व ठाऊक असूनही ज्यांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही त्या घरातल्या सगळ्यांची.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बालपणीच्या घरात परतणारा निवेदक स्वच्छ असता कामा नये. त्याने शहरातून यावे, कुलूप उघडावे, जुनी पत्रे वाचावीत आणि पूर्वजांचा न्याय करून परत जावे, ही मांडणी सोपी आहे आणि खोटी आहे. फुईच्या वाट्याची जमीन भावांनी ठेवून घेतली, तिच्यावर कापूस आणि पुढे केळी झाली, आणि त्या केळीच्या पैशांतून निवेदकाच्या इंजिनीअरिंगची फी भरली गेली. हे त्याला कळते तो क्षण कादंबरीतील सर्वांत भयंकर क्षण असायला हवा. कोणत्याही सावलीपेक्षा, कोणत्याही आवाजापेक्षा भयंकर. केळी, कापूस, ठिबक आणि बोअर यांच्या जोरावर खानदेशातील शेतकरी कुटुंबे दोन पिढ्यांत वर आली, शिकली, परदेशी गेली, आणि त्या कष्टांचा अभिमान रास्तच आहे. परंतु त्या वर येण्यात कोणाचे पाय कोणाच्या खांद्यावर होते, हे विचारल्याने कष्ट कमी होत नाहीत.

कुटुंबाचे गुपित म्हणताना आपण आणखी एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे गुपित कुटुंबालाच ठाऊक असते. वाड्यात सालदार असायचा. त्याचे साल आखाजीला सुरू व्हायचे आणि पुढच्या आखाजीला संपायचे. तो खळ्यात झोपायचा, त्याची बायको गोठा झाडायची, आणि रात्री मागच्या दाराने कोण गेले, कोणत्या खोलीला बाहेरून कडी होती, दाईला कोणत्या अवेळी बोलावणे गेले, हे त्यांनी पाहिलेले असायचे. सालदार बहुधा भिल्ल किंवा दलित असल्याने त्यांची साक्ष कोणी काढली नाही आणि त्यांनीही आपण होऊन दिली नाही. घराण्याच्या भयकादंबरीत नोकर हे पात्र नेहमी दरवाजा उघडण्यापुरते आणि इशारा देण्यापुरते येते. खानदेशातील कादंबरीने त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करावे आणि अहिराणीत बोलू द्यावे, मराठी वाचकाला दोन वाक्ये अडली तरी चालतील. वाड्याची गोष्ट सांगण्याचा अधिकार केवळ वाड्याच्या वंशजांना आहे असे समजणे हासुद्धा वाड्याचाच संस्कार आहे.

काहींना हा प्रकार विलायती वाटेल. धुके, वादळ, मनोरे आणि मेणबत्त्या खानदेशात कुठून आणायच्या? त्या आणूच नयेत. आपल्याकडे भीतीची वेळ भर दुपारची आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो तेव्हा बारा ते चार गाव ओस असते, गल्लीत कुत्रेसुद्धा नसते, आणि दुपारी निंबाखाली किंवा विहिरीवर जाऊ नको हे प्रत्येक मुलाला बजावलेले असते. बाहेर डोळे दिपवणारा पांढरा उजेड आणि आत धाब्याच्या घरातला थंड, मातीच्या वासाचा काळोख. जाड भिंती, खिडक्या जवळजवळ नाहीत, वरच्या झरोक्यातून पडलेला उजेडाचा एक कवडसा, त्यात तरंगणारी धूळ, आणि धान्य साठवायचे बळद, ज्यात लहानपणी लपल्याबद्दल मार बसलेला असतो. मोठी माणसे पडवीत झोपलेली असताना जागे राहिलेले मूल या घरात जे पाहते आणि ऐकते, त्याचा अर्थ त्याला तीस वर्षांनी लागतो. उन्हाच्या भयाची ही कादंबरी जगात फारशी कोणी लिहिलेली नाही. देशी लेखनाचा आग्रह धरणाऱ्यांनी तिचे स्वागतच करायला हवे.

कागदपत्रांचाही विचार करण्यासारखा आहे. जुनी पेटी, पिवळे कागद, अर्धवट पत्र ही या प्रकाराची ठरलेली सामग्री आहे. वॉलपोलने तर पहिल्या आवृत्तीत आपले पुस्तक एका जुन्या घराण्याच्या ग्रंथालयात सापडलेल्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद असल्याचे भासवले होते. धुळ्यात या सामग्रीला वेगळे मोल आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्यभर गावोगावच्या वाड्यांतील दप्तरे शोधत हिंडले, १९२६ मध्ये धुळ्यात वारले आणि त्यांचा संग्रह जपण्यासाठी पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. वाळवीच्या तोंडून त्यांनी सोडवलेल्या कागदांचे ऋण महाराष्ट्र विसरू शकत नाही. मात्र घराण्यांनी जपून ठेवले काय, तर सनदा, इनामपत्रे, वतनाचे वाद आणि मोहिमांची पत्रे. ज्या कागदाने हक्क सिद्ध होतो तो कागद टिकतो. बाईने लिहिलेले पत्र, तेही तक्रारीचे, चुलीत जाते. शिवाय लिहिता येत असलेली बाईच आपल्या वाड्यांत फार उशिरा आली. इतिहासकार न लिहिलेला कागद वाचू शकत नाही, ही त्याच्या शास्त्राची मर्यादा आहे आणि ती त्याने पाळलीच पाहिजे. ती ओलांडण्याची परवानगी कादंबरीला आहे. जळालेल्या पत्रात काय असेल हे कादंबरीकाराने रचावे. मात्र सातबारा, फेरफार, हक्कसोडपत्र, शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद हे जे कागद आजही सरकारी कचेऱ्यांत किंवा शाळेत मिळू शकतात, ते त्याने अचूक वाचायला शिकावे. फेरफाराच्या नोंदीत एका वर्षी तीन बहिणींची नावे येतात आणि पुढच्या नोंदीत ती कमी होतात. या दोन ओळींमध्ये काय घडले, यावर तीनशे पानांची कादंबरी होऊ शकते.

एका गुपिताबद्दल मात्र कोणताही कागद नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे साडेआठशेहून कमी मुली होत्या. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा असूनही ही तूट एका घरात, दोन घरांत पडलेली नाही. आपल्या आया, मावश्या, वहिन्या यांतील काहींना शहरातल्या कोणत्या तरी दवाखान्यात नेले गेले आणि त्या रिकाम्या होऊन परत आल्या, त्याविषयी घरात पुन्हा बोलणे झाले नाही. इथे विहीर नाही, मागची खोली नाही, प्रेतही नाही. वाड्याच्या अंगणात झोक्यावर बसायला मुलीच नाहीत, एवढीच खूण. भयकादंबरीच्या जुन्या साधनांनी हे कसे लिहायचे ते मला सुचत नाही, पण कोणीतरी ते लिहिल्याशिवाय हा प्रकार आपल्या काळाचा होणार नाही. आईला गुन्हेगार न करता ते लिहावे लागेल, हे त्यातील सर्वांत अवघड काम.

राहिली तिसरी हरकत, अब्रूची. तिच्याकडे मी उपहासाने पाहत नाही. गावात माणसे एकमेकांना ओळखतात. कादंबरीत वाड्याचा दरवाजा कोणत्या दिशेला आहे एवढे लिहिले तरी तो कोणाचा हे लोक हुडकून काढतील. ज्यांचे काही चुकले नाही अशा नातवंडांची लग्ने जमायची असतात. अत्याचार सहन केलेली व्यक्ती अजून हयात असू शकते आणि तिने गप्प राहणे हा तिचा स्वतःचा निर्णय असू शकतो. म्हणून आत्मचरित्राच्या किंवा बातमीच्या मार्गाने जाणाऱ्याने पन्नास वेळा विचार करावा. परंतु याच कारणासाठी कादंबरी, आणि त्यातही भयकादंबरी, अधिक योग्य ठरते. ती नावे बदलते, गावे बदलते, तीन घरांतील गोष्टी एका छपराखाली आणते, आणि ‘हे आमच्याबद्दल नाही’ असे म्हणण्याची जागा प्रत्येकाला ठेवूनही प्रत्येकाला आपल्या मागच्या खोलीची आठवण करून देते. लेखकाने मात्र एक पथ्य पाळावे. खऱ्या कुटुंबाची ओळख पटेल असा तपशील केवळ रंगत वाढवण्यासाठी वापरू नये. आणि जी हयात आहे तिला विचारल्याशिवाय तिचे दुःख कथानकात घालू नये.

याउपरही कोणी म्हणेल की जखमेवरची खपली काढून काय मिळणार, तर त्यांना विचारावेसे वाटते की खपली नेमकी कोणाच्या जखमेवर धरली आहे. अब्रूच्या नावाखाली राखलेल्या मौनाने आजवर दुबळ्याचे रक्षण झाल्याचे उदाहरण शोधावे लागते. मुलांवरील अत्याचारांत गुन्हेगार पुष्कळदा घरातला किंवा ओळखीचाच असतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे, आणि बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ मध्ये झालेल्या कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणे हाच गुन्हा ठरवला. कायदा मौनाला गुन्हा म्हणतो आणि आपली घरे त्याला खानदानीपणा म्हणतात. या दोहोंमधील अंतर कादंबरीने मोजावे, एवढीच माझी मागणी आहे.

शेवटी वाड्याचे काय करायचे, हा रचनेचा प्रश्न उरतो. परंपरा सांगते की गुपित फुटले की घर कोसळावे किंवा जळावे. खानदेशातील कादंबरीने हा शेवट घेऊ नये असे माझे मत आहे. आमच्याकडे वाडे आपोआप कोसळत नाहीत. वाटणी मनासारखी झाली की एका सकाळी जेसीबी येतो, सागाचे खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, बळद माती टाकून बुजवले जाते आणि प्लॉट मोकळा होतो. घर पाडणे हीच गुपित कायमचे मिटवण्याची रीत झालेली असताना कादंबरीनेही तेच करणे म्हणजे दोषी माणसांना मदत करणे होय. घर उभे ठेवावे. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करून मालकीची मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी देशभर जाहीर झाली आहे. ज्या घरांना ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या नोंदीपलीकडे कागद नव्हता, त्यांच्यावर आता नावे चढत आहेत. कादंबरीचा निवेदक त्या नोंदीच्या वेळी घरी हजर असावा. वारस किती आणि कोण, हे त्याला सांगायचे आहे, आणि फुईची मुलगी, जिच्याविषयी त्याला पन्नास पानांपूर्वीपर्यंत काहीच माहिती नव्हती, सुरतेला उधन्यात भाड्याच्या खोलीत राहते हे आता त्याला ठाऊक आहे. तो तिचे नाव सांगतो की नाही, हे लेखकाने ठरवावे. नाव सांगितले तर त्याच्या भावाशी त्याचे संबंध तुटतील आणि प्लॉटची किंमत एका हिश्शाने कमी होईल, हे मात्र त्याने वाचकाला रुपयांत सांगावे.